हुद्द्याप्रमाणे ब्रेक

दुपारचे चार वाजायला पाच मिनिटं असली की मिस्त्री हातातला पाना ठेवत, नळाखाली पेला धरत आणि तो काठोकाठ भरून, एक थेंब न सांडता, गॅरेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. बरोबर चारला डोंगरावरून खात्याची व्हॅन खाली येई. ती चालवायची त्यांची बायको. खात्यात तिला सगळे व्हॅनबाई म्हणत आणि अहोजाहो करत, कारण तिच्याशी एकेरीत बोललेला एक कारकून पुढचे सहा महिने डोंगर पायी चढत होता.

नवीन लागलेली माणसं हे दृश्य बघून विरघळायची. एवढी वर्षं संसार झाला, तरी नवरा बायकोसाठी पाणी घेऊन उभा. मग मिस्त्री व्हॅनच्या दारावरून पुढे जायचे, पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, पेल्यात बोट बुडवून चाकाच्या भोकातून आतल्या लोखंडी तबकडीच्या कडेवर तीन थेंब सोडायचे आणि कान लावायचे.

बाई खाली उतरायची, पेल्याकडे बघायची आणि म्हणायची, "माणसालाही तहान लागते म्हणे."

"थांब, ऐकू दे," मिस्त्री म्हणायचे.

सव्वीस वर्षं हा संवाद झाला होता. त्यात शब्दाचाही फेरफार नव्हता.

मिस्त्रींच्या लेखी थेंबाच्या तीन तऱ्हा होत्या. थेंब बसला, म्हणजे पडल्या जागी पसरून मुकाट्याने वाळला, तर चाक थंड. थेंब ओरडला, म्हणजे चर्र झालं, तर चाक तापलंय पण चालेल. आणि थेंब नाचला, म्हणजे ओरडण्याचीही तसदी न घेता गोळी होऊन टुणटुणत कडेवरून उडाला, तर त्या गाडीला त्या दिवशी हात लावायचा नाही. चौथा थेंब ते कधी टाकत नसत. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतलं की ते वाकडं होतं, आणि वाकडं झालेलं लोखंड मरेपर्यंत पायाखाली थरथरतं, असं ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत.

माणूस एका हट्टाचा होता. जे मोजलं नाही ते बोलायचं नाही. घरात कुणाला ताप आला की थर्मामीटर सापडेपर्यंत यांच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. लग्नाआधी आईने विचारलं होतं, मुलगी कशी वाटली. मिस्त्री म्हणाले, तिचा थेंब बसला. आईने दोन दिवस त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. झालं होतं ते असं, की ही मुलगी वडिलांचा दगडाने भरलेला ट्रक घेऊन डोंगर उतरून आली होती. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे थेंब टाकला, तर आवाज नाही. दुसरा टाकला, नाही. तिसराही बसला. एवढं ओझं घेऊन, एकवीस वळणं उतरून, चाक गार. त्यांनी विचारलं, आलात कशा? ती म्हणाली, "पहिल्या गिअरात. सगळं ब्रेकनेच करायचं तर इंजिन काय पाहुणं म्हणून आलंय?" मिस्त्रींनी त्याच महिन्यात मागणी घातली.

तर अशा बाईच्या चाकावर एक दिवस थेंब नाचला. गोष्ट तिथून सुरू होते.

खातं होतं जुन्या कागदांचं. कचेरी डोंगराच्या माथ्यावर, कागदांचं गोदाम पायथ्याशी, गोदामाला लागून मिस्त्रींचं गॅरेज. वर जे कागद कुणाला नको असत ते रोज व्हॅनमध्ये भरून खाली येत. कागद हलका असतो हा समज ज्याने कधी कागदाची व्हॅन भरलेली नाही त्याचा. साहेबमंडळी माथ्यावरच राहत. घर ते कचेरी सपाट रस्ता, चालत गेलं तर चप्पल पायात नीट बसेपर्यंत कचेरी यायची, पण साहेब गाडीनेच जात.

त्या वर्षी नव्या गाड्या आल्या. साहेबांच्या काय, व्हॅन काय, सगळ्यांचा सांगाडा एकाच कंपनीचा. चाकं तीच, चाकातली तबकडी तीच, तिला दाबणारी यंत्रणाही तीच. फरक फक्त ब्रेकपॅडचा. हे पॅड म्हणजे दोन जाड पट्ट्या. पाय दाबला की त्या तबकडीला दोन्हीकडून आवळतात, गाडीचा वेग तिथे घासला जातो आणि त्याची उष्णता होते. कंपनीकडे ते तीन मापांत होते, लहान, मधले आणि मोठे. कुठल्या गाडीला कुठले लावू, असं कंपनीने पत्राने विचारलं.

हे पत्र मिस्त्रींकडे यायला हवं होतं. ते गेलं हेडक्लार्कांकडे. हेडक्लार्कांना सगळे परिपत्रक म्हणत, कारण ते घरी चहा मागतानाही विषय, संदर्भ आणि मजकूर या क्रमाने मागतात अशी वदंता होती. त्यांनी पत्र वाचलं, आणि खुर्च्यांची फाईल काढली. खात्यात खुर्चीचे हात, टेबलाची लांबी, पडद्याची उंची, पंख्याची पाती, सगळं हुद्द्याप्रमाणे ठरलेलं होतं. ब्रेकने काय घोडं मारलंय? त्यांनी लिहिलं, मोठ्या साहेबांच्या गाडीला मोठे पॅड, उपसाहेबांच्या गाडीला मधले, व्हॅनला लहान. मोठ्या साहेबांनी सही करण्याआधी विचारलं म्हणे, की यात माझा फायदा काय. परिपत्रक म्हणाले, "आपण थांबाल ते जोरात थांबाल, साहेब. आपल्याला हळू थांबणं शोभत नाही."

नव्या गाड्या धावू लागल्याच्या आठव्या दिवशी थेंब नाचला. मिस्त्रींनी दुसरा टाकला. तोही नाचला. बाईने पेल्याकडे बघून आपलं वाक्य म्हटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा संवाद चुकला, तेव्हा तीही खाली वाकली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून, काखेत एक गुळगुळीत फळी घेऊन डोंगर चढले. मोठ्या साहेबांच्या खोलीत उपसाहेब आणि परिपत्रकही होते. मिस्त्रींनी मागणी सांगितली, व्हॅनला मोठे पॅड हवेत. परिपत्रक इतके दचकले की त्यांच्या हातातला टाक खाली पडला. व्हॅनबाई मोठ्या साहेबांइतक्या जोरात थांबणार?

जोराचा संबंध नाही, असं म्हणून मिस्त्रींनी फळी टेबलावर ठेवली आणि परिपत्रकांची शिक्क्यांची लाकडी पेटी उचलली. पेटी आडवी ठेवून फळी एका बाजूने हळूहळू वर उचलली. एका उंचीला पेटी घसरली. तिथे खडूने खूण केली. मग तीच पेटी अरुंद बाजूवर ठेवली आणि फळी पुन्हा उचलली. पेटी त्याच खुणेला घसरली. आतले शिक्के खुळखुळले. साहेबांनी फळी स्वतःच्या हातात घेतली आणि चार वेळा पेटी घसरवली. मग उपसाहेबांनी. त्या खोलीत बऱ्याच दिवसांत एवढं काम झालं नव्हतं.

"म्हणजे टेकणारी जागा मोठी असो की लहान, धरून ठेवण्याचा जोर तेवढाच," मिस्त्री म्हणाले. "वरून दाब तेवढाच असला की झालं. लहान पॅडने गाडी तेवढ्याच जोरात थांबते."

"मग बायकोला मोठे कशाला मागताय?" परिपत्रक म्हणाले, आणि त्यांनी फाईल मिटली.

मिस्त्रींनी फाईल उघडायला लावली. प्रश्न उष्णतेचा आहे, ते म्हणाले. सगळ्यांनी तळहात टेबलावर जोरात घासा. सगळ्यांनी घासले. आता तेवढ्याच जोराने एकच बोट घासा. मोठे साहेब, उपसाहेब आणि परिपत्रक, तिघंही टेबलावर बोटं घासू लागले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला, त्याने हे बघितलं आणि काही न विचारता तोही कपाटावर बोट घासू लागला. पहिल्यांदा हाय म्हणाले ते मोठे साहेब. मिस्त्रींनी सांगितलं, घासणं तेवढंच, उष्णता तेवढीच, पण तळहातात ती पसरते आणि बोटात साचते. लहान पॅड उतारावर असाच भाजतो. आणि भाजलेला पॅड तबकडी धरत नाही, तिच्यावरून घसरतो. पहिल्या वळणाला दोन्ही सारखेच. विसाव्या वळणाला नाही.

मोठे साहेब बोटावर फुंकर घालत विचारात पडले. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझा पॅड मोठा आहे तेच बरं आहे. लहान असता तर मला भाजलं असतं."

ठराव झाला. साहेबांच्या गाडीला मोठे पॅड आहेत याबद्दल समाधान नोंदवण्यात आलं. मिस्त्री फळी घेऊन उतरले.

आई जेवताना म्हणाली, खरं काय ते सांगून आलास ना, मग भोग.  सकाळी बाईने मिस्त्रींना पुढच्या सीटवर बसवलं. तुम्ही न मोजलेलं बोलत नाही, ती म्हणाली, तर चला, मोजा.

मिस्त्री इतक्या वर्षांत बायकोच्या शेजारी उतार उतरले नव्हते. ते नेहमी खाली, पेला घेऊन. आता मांडीवर वही, हातात पेन्सिल, मागे छतापर्यंत कागद. तिने पहिला गिअर टाकला आणि प्रत्येक ब्रेकला मिस्त्रींनी एक रेघ ओढली. दहाव्या वळणापर्यंत ते खूश होते. इतका हलका पाय त्यांनी कुणाचा बघितला नव्हता, आणि हे ते मोठ्यानं म्हणालेसुद्धा. बाईने मान वळवून बघितलं, कारण तिची स्तुती सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा होत होती. पंधराव्या वळणाला बटण जळावं तसा कडवट वास आला. एकोणिसाव्याला व्हॅन मंदावायची ती मंदावली नाही.

"दाबलंस?"

"दाबलंय."

"पूर्ण?"

"अहो, उभी आहे मी त्याच्यावर."

तिने हँडब्रेक खेचला, स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि व्हॅनचं अख्खं अंग रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला घासत नेलं. मागून तीन गठ्ठे मिस्त्रींच्या मानेवर आले. व्हॅन थांबली. 

"तीही रेघ ओढलीत का?" तिने विचारलं.

"ओढली."

"एकोणिसाव्याला बांध आहे. विसाव्यालाही आहे. एकविसाव्याला नाही."

एकविसाव्या वळणाला कडेला काय आहे हे मिस्त्रींना माहीत होतं. तिथे हवा होती, आणि तिच्या बऱ्याच खाली त्यांच्याच गॅरेजचं छप्पर.

चाकं निवेपर्यंत दोघं बांधावर बसले. मिस्त्री म्हणाले, उद्यापासून तू व्हॅन चालवायची नाहीस. ती म्हणाली, मी नाही चालवली तर दुसऱ्याला देतील, आणि तो तिसऱ्या गिअरात उतरवेल, मग तुम्ही पेला घेऊन कुणाची वाट बघणार?  मिस्त्रींनी पेन्सिलीचं टोक काढलं, पुन्हा बोथट केलं.

"मला मोठा द्या म्हणून मागायला जाऊ नका," बाई शेवटी म्हणाली. "त्यांना मागितलेलं द्यायचं म्हणजे स्वतःचं गेल्यासारखं वाटतं. माझं मोजलंत तसं त्यांचंही मोजा. आणि जाऊन आकडे वाचून दाखवा. बाकी काही बोलू नका. तुम्हाला ते जमतं."

मिस्त्री तीन दिवस माथ्यावर कचेरीसमोरच्या कठड्यावर वही घेऊन बसले. साहेबांची गाडी आली की मागच्या लाल दिव्याकडे टक लावायचे. पहारेकऱ्याला वाटलं वरून तपासणी आलीय, आणि तो तिन्ही दिवस त्यांना सलाम ठोकत होता. खाली येताना बाई दहाव्या वळणाला अर्धा तास थांबून चाकं निववायची, आणि उशीर का झाला म्हणून परिपत्रक तिला रोज एक मेमो द्यायचे. ती ते मेमो त्याच व्हॅनमधून गोदामात पोचवायची.

चौथ्या दिवशी मिस्त्री पुन्हा त्या खोलीत उभे राहिले. फळी नव्हती, तरी शिपायाने आधीच बोट घासायला पुढे केलं. मिस्त्रींनी वही उघडून वाचलं. एका फेरीतले ब्रेक. व्हॅन, दोनशे चौदा. उपसाहेब, तीन. मोठे साहेब, दोन.

मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुठल्याही यादीत ते शेवटी नव्हते आले, शाळेतसुद्धा, कारण शाळा त्यांच्या काकांची होती. ते म्हणाले, हे काय आहे, आणि मी तळाला का आहे?

मिस्त्री म्हणाले, "मोठे पॅड कुणाला लागतात ते आहे, साहेब. ज्याला सारखा ब्रेक धरावा लागतो त्याला मोठे. ज्याचं दोनदा पाय ठेवून भागतं त्याला लहानही पुरून उरतात."

 उपसाहेबांनी घसा साफ केला. ते या खुर्चीपर्यंत योग्य वेळी घसा साफ करूनच आले होते.

"म्हणजे साहेब," ते म्हणाले, "ज्याला पुढचं दिसत नाही, तो सारखा ब्रेक मारणार. आपल्याला आधीच दिसतं, म्हणून दोन. मला एक जास्त लागतो."

"तुमचा तिसरा कुत्र्यासाठी होता," मिस्त्री म्हणाले.

मोठे साहेब उठून खिडकीशी गेले. खाली त्यांची गाडी उभी होती, चारही चाकांत मोठे पॅड घालून.  तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, गाडीत मोठे पॅड बघून लोकांना काय वाटत असेल.

"लोकांचं मी मोजलेलं नाही," मिस्त्री म्हणाले.

"मी मोजलंय," साहेब म्हणाले. "लोकांना वाटत असेल, या माणसाला थांबता येत नाही. काढा ते. मला सगळ्यात लहान पाहिजेत. आजच."

परिपत्रकांनी तोंडाचा आ केला, तो मिटला आणि कागद ओढला. साहेबांची गाडी लहान पॅडने थांबेल ना, एवढंच त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मिस्त्री म्हणाले, तेवढ्याच जोरात, पेटी आठवा. मग उपसाहेब म्हणाले, मलाही लहान हवेत. मोठे साहेब म्हणाले, तुम्हाला तीन लागतात, तुम्ही मधल्यावरच राहा. उपसाहेब म्हणाले, त्या कुत्र्याला मी आता ओळखतो, यापुढे दोनच लागतील. हा वाद जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला आणि शेवटी उपसाहेबांना सहा महिन्यांच्या वर्तणुकीवर मधले ठेवण्यात आले.

उरले मोठे. परिपत्रकांनी लिहिलं, सदर पॅड सर्वांत खालच्या हुद्द्यास देण्यात यावेत.

मिस्त्रींनी दुपारीच हात घातला. व्हॅनचे लहान काढले, त्यांच्या कडा जळून कोळशासारख्या झाल्या होत्या, ते भंगारात टाकले. साहेबांच्या गाडीचे मोठे व्हॅनला बसवले. साहेबांच्या गाडीला कंपनीच्या सुट्या सामानातले नवे लहान बसवून ती स्वतः सपाट रस्त्यावर चालवून, ब्रेक दाबून, पावलांनी अंतर मोजून बघितलं. आधी होतं तेवढंच. साहेब शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी सुट्या सामानात उरलेला एक छोटा पॅड हातात घेतला, दागिना बघावा तसा उजेडात धरला, आणि मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारलं की यापेक्षा लहान काही येतं का.

"याच्या खाली फक्त पाय उरतो, साहेब," मिस्त्री म्हणाले.

साहेब हिरमुसले. तरी संध्याकाळी त्यांनी शेजारच्या खात्याच्या साहेबांना गाडीपाशी नेऊन, चाकाच्या भोकातून, वाकून, आपला पॅड दाखवला असं ऐकिवात आहे. शेजारच्या साहेबांच्या तोंडाचा रंग उतरला होता.

दुसऱ्या दिवशी व्हॅन नेहमीपेक्षा चार गठ्ठे जास्त घेऊन निघाली, कारण मेमोंचे कार्बनही आता पाठवायचे होते. चारला पाच कमी असताना मिस्त्रींनी पेला भरला. फाटकाशी जाताना, कधी नव्हे ते, त्यांच्या हातून थोडं पाणी सांडलं. ते वर एकविसाव्या वळणाकडे बघत होते. व्हॅनचं नाक वळणावर दिसलं, मंदावलं, आज्ञाधारकपणे आत वळलं आणि दिसेनासं झालं. मिस्त्रींनी श्वास सोडला.

व्हॅन फाटकात थांबली. मिस्त्री उकिडवे बसले, बोट बुडवलं, पहिला थेंब सोडला आणि कान लावला. काही नाही. दुसरा सोडला. तिसरा. तिन्ही मुकाट्याने पसरले आणि वाळत गेले. ते तसेच बसून राहिले, गुडघे दुखायला लागले तरी.

बाई उतरली. तिने पेल्याकडे बघितलं. "माणसालाही तहान लागते म्हणे."

मिस्त्री म्हणाले, "बसला. तिन्ही बसले." आणि उठून पेला तिच्यापुढे धरला.

तिने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. तोंड पुसलं.

"ग्रीसचा वास येतोय," ती म्हणाली.

"बोट बुडवलं होतं ना त्यात," मिस्त्री म्हणाले. "उद्यापासून दोन पेले आणतो."